तोतरेपणाला भाषांतर लागत नाही

मुधोळच्या घरांत संध्याकाळी टीव्ही लागतो तेव्हा रिमोटवर तीन भाषा असतात. 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. त्या वर्षी मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही महसुली सर्कलं आंध्र प्रदेशात गेली, पुढे कित्येक दशकं आदिलाबाद जिल्ह्यात राहिली आणि 2016 मध्ये तेलंगणातल्या नव्या निर्मल जिल्ह्यात आली. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी हिंदी, असा इथला रोजचा व्यवहार. त्यामुळे सोनी मराठीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, ईटीव्हीवरचं तेलुगू ‘जबरदस्त’ आणि हिंदी वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा लागणारा ‘गोलमाल’ हे सगळं एकाच घरात, एकाच जेवणाच्या वेळी पाहिलं जाऊ शकतं. अशा ठिकाणी एक गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा लवकर ध्यानात येते. शाब्दिक कोटी हद्दीवर अडते. मालवणी हेलातली गंमत तेलुगू शेजाऱ्याला समजावून सांगावी लागते, तेलंगणी टोमणा मराठी आजीच्या डोक्यावरून जातो. पण लंगडत येणारा माणूस, चाचपडत भलत्याच्याच अंगावर पडणारा आंधळा, पहिल्या अक्षरावर अडकून बसलेला तोतरा यांना हसताना कुणालाच कुणाकडून अर्थ समजून घ्यावा लागत नाही.

अपंगत्वावरचा विनोद एवढा टिकाऊ का, याचं एक उत्तर इथे आहे. तो स्वस्त आहे, आणि कुठल्याही भाषेत जसाच्या तसा चालतो.

उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. 2004च्या ‘मुझसे शादी करोगी’मध्ये कादर खान यांच्या पात्राला रोज नवं अपंगत्व येतं. आज दिसत नाही, उद्या ऐकू येत नाही. सदरा बदलावा तसं ते बदलत जातं. 2006च्या ‘गोलमाल’मध्ये तुषार कपूर मुका आहे, परेश रावल आणि सुष्मिता मुखर्जी हे आंधळं जोडपं आहे, 2010च्या ‘गोलमाल 3’मध्ये आपला श्रेयस तळपदे तोतरा आहे. तेलुगूत 2022चा ‘एफ 3’ घ्या, त्यात व्यंकटेश रातांधळा आणि वरुण तेज तोतरा. हे चित्रपट थिएटरातून उतरले तरी टीव्हीवरून उतरत नाहीत. आणि टीव्हीवरचं विनोदी प्रहसन याच खाणीतून माल उचलतं, कारण त्याच्याकडे वेळ कमी असतो. काही मिनिटांत पात्र उभं करायचं, हशा मिळवायचा आणि पुढच्या जोडीला रंगमंच मोकळा करून द्यायचा. अशा घाईत बोबडेपणा किंवा लंगडेपणा म्हणजे तयार मुखवटा. तो चढवला की लेखकाला पात्र लिहावं लागत नाही. मधूनच परीक्षकांचे हसून लोटपोट झालेले चेहरे दिसतात आणि घरी बसलेल्याला कुठे हसायचं तेही कळतं.

एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. घरात चोर शिरलाय, माणूस फोन उचलतो आणि त्याला ‘पोलीस’ म्हणायचं आहे. तो ‘पो पो पो’वर अडकतो. पलीकडचा अंदाज करू लागतो: पोहे? पोपट? पोरगी? प्रत्येक चुकीच्या अंदाजाला हशा. या प्रसंगात तोतऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, याची कुणाला फिकीर नसते, कारण प्रसंग मुळात त्याचा नाहीच. तो अंदाज करणाऱ्याचा आहे. चतुर उत्तरं त्याची, टाळ्या त्याच्या. तोतरं बोलणारा म्हणजे त्याच्यासमोर ठेवलेलं कोडं. ज्यांना खरोखर बोलताना अडखळायला होतं, त्यांतल्या अनेकांना सगळ्यात जास्त खुपते ती नेमकी हीच गोष्ट, की समोरचा धीर धरत नाही आणि आपलं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. टीव्ही ती खोड रोज रात्री गंमत म्हणून शिकवतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ती कुणावर वापरली जाते, हे कुठल्याही मास्तरांना विचारावं.

मग तोतरेपणात विनोद नाहीच का? भरपूर आहे. अडखळणारी माणसं फार हिकमती असतात. कुठल्या अक्षरावर गाडी थांबणार हे त्यांना आधीच दिसतं आणि ती शब्द बदलतात, वाक्य फिरवतात, वळसा घालून मुक्कामाला पोचतात. समजा, असा एक माणूस ‘म’वर अडकतो. तो भैंसा स्टँडवरून बासरच्या बसमध्ये बसलाय. उतरायचं मुधोळला, पण कंडक्टर समोर आला की ‘मुधोळ’ तोंडातून निघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो रोज बासरचं तिकीट काढतो, जास्तीचे पैसे मोजतो आणि मुधोळला उतरतो. एके दिवशी शेजारच्या सीटवर नेमके होणारे सासरे येऊन बसतात. ते विचारतात, “बासरला काय काम काढलंत?” आता याला सरस्वतीच्या दर्शनाची थाप मारावी लागते. सासरे म्हणतात, “वा! मीही तिकडेच निघालोय, बरोबरच जाऊ.” मुधोळ मागे पडतं, याचं घर मागे पडतं, आणि हा खोट्या भक्तीपायी थेट गोदाकाठी. इथे तोतरेपणा कथेच्या मुळाशी आहे, पण हसू येतं ते या माणसाच्या लपवाछपवीचं, अभिमानाचं आणि फजितीचं. लाज वाटली म्हणून खोटं बोलणं आणि ते निस्तरताना आणखी अडकणं कुणी केलेलं नाही?

दोन्ही प्रसंगांत फरक आहे तो एका गोष्टीचा. दुसऱ्यातल्या माणसाला काहीतरी हवं आहे. विनोदी पात्र उभं राहतं ते हव्यासावर. 1970च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चि. वि. जोशींचा चिमणराव केला, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. चिमणराव किरकोळ अंगाचा, भित्रा, पण केवळ तेवढ्यावर कुणी त्याला हसलं नाही. त्याला चारचौघांत मान हवा असतो, बायकोसमोर शौर्य दाखवायचं असतं, आणि ते दर वेळी अंगाशी येतं. टीव्हीवरच्या अपंग पात्राला मात्र काहीच नको असतं. ना पैसा, ना प्रेम, ना शेजाऱ्याची जिरवायची खुमखुमी. ते फक्त दुसऱ्याच्या वाटेत आडवं येतं आणि हशा देऊन बाजूला होतं. त्याचं अपंगत्व दिसतं, माणूस दिसत नाही.

या मापाने पाहिलं तर ‘गोलमाल’मधला तुषार कपूरचा लकी सरसकट मोडीत काढता येत नाही. तो टोळीतला बरोबरीचा भिडू आहे, लबाड्या करतो, चिडतो, मुलीवर डोळा ठेवतो. त्याच्या आवाजांचे भलतेच अर्थ लावले जातात तेव्हा तो मित्रांवर उखडतो, आणि त्या क्षणी प्रेक्षक त्याच्या बाजूला असतो. 2017च्या तेलुगू ‘राजा द ग्रेट’मध्ये रवी तेजाने आंधळा नायक केला. त्याची आई पोलीस कॉन्स्टेबल आहे आणि त्याला स्वतःला पोलिसांत जायचं आहे. ती इच्छा सगळा चित्रपट ओढत नेते. मारामाऱ्या अतिशयोक्त आहेत, नायक डोळस नट आहे, तरीही प्रेक्षक आंधळ्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. लोकप्रिय, गल्लाभरू करमणुकीतही हे जमतं याचा हा पुरावा आहे.

सोंग आणणं हेच वाईट, असं मुळीच नाही. नाट्यशास्त्रात विदूषकाचं वर्णन बुटका, कुबडा, दात पुढे आलेला, टक्कल पडलेला, वेड्यावाकड्या चेहऱ्याचा असं आहे. म्हणजे हशासाठी वाकडं शरीर ही आपल्याकडची फार जुनी सोय. पण मोठ्या नाटककारांनी त्या शरीरावर समाधान मानलं नाही. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात माधव्य हा विदूषक दुष्यंताच्या शिकारीपायी रानोमाळ फिरून मेटाकुटीला आलेला आहे. विश्रांती मिळावी म्हणून तो हातपाय मोडल्याचं सोंग करून काठीच्या आधाराने उभा राहतो. अपंगत्वाची नक्कलच ही, पण तिच्यामागे आराम मिळवण्याची साधी इच्छा आहे, आणि हशाचा रोख राजाच्या शिकारीच्या वेडावर आहे. कीर्तनकारांनी घरोघर पोचवलेली अष्टावक्राची कथाही हीच वाट दाखवते. जनकाच्या सभेत त्याचं आठ ठिकाणी वाकलेलं शरीर पाहून पंडित हसले, तेव्हा तो त्यांच्याहून मोठ्याने हसला आणि सभेला त्याच्या हसण्याचं कारण विचारावं लागलं. आजच्या प्रहसनात अष्टावक्राला हसण्याची पाळी येतच नाही.

हशाची जागा रिकामी झाली की मराठी पडदा थेट रडू आणतो. 1991च्या ‘चौकट राजा’त त्याच प्रभावळकरांनी बौद्धिक अपंगत्व असलेला नंदू साकारला आणि महाराष्ट्राचे डोळे पाणावले. ती भूमिका थोर आहे. पण तिच्यानंतरच्या काळात अपंग माणसाला आपण दोनच आसनं देऊ केली. एक हसण्याच्या पाटावर, दुसरं रडण्याच्या. घरी भांडणारा, पत्त्यांत लबाडी करणारा, हिशेबात चोख, वहिनीच्या हातच्या भाजीला नावं ठेवणारा अपंग काका प्रत्येक खेड्यात सापडतो. मालिकेत तो सापडत नाही.

हा वाद न्यायालयातही पोचला आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कलम 92 मध्ये केली. 2023च्या ‘आँख मिचोली’ या विनोदी चित्रपटात तोतऱ्या पात्राला अडकलेली कॅसेट, ऐकू न येणाऱ्याला साउंडप्रूफ सिस्टिम अशी विशेषणं होती. दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्या निपुण मल्होत्रा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. 8 जुलै 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या पीठाने निकाल दिला. त्यांनी चित्रपटावर कात्री चालवली नाही, पण एक मोलाची रेघ ओढली. अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली ओढणारा विनोद वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितलं. कथा रचताना अपंगांना सोबत घ्या, हेही त्या निकालात आहे.

पुढच्याच वर्षी समय रैना आणि इतर चार विनोदकारांचं प्रकरण उभं राहिलं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्मीळ आजाराच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्यांच्या विनोदांविरुद्ध तक्रार केली होती. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विनोदकारांना आपापल्या यूट्यूब चॅनलवर माफी मागायला सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये या रुग्णांच्या उपचारासाठी निधी उभा करणारे कार्यक्रम करायला सांगितलं. त्या उपचारांचा खर्च कोट्यवधींत जातो, तेव्हा निधीची गरज खरी आहे. पण विनोदाच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तर अपुरं आहे. ज्यांची टवाळी झाली ते पुन्हा मदत घेणारे आणि प्रेरणा देणारे म्हणूनच मंचावर येतात. विनोद करणारे म्हणून त्यांना कुणी बोलावलं नाही. माफीने शब्द मागे घेतला जातो. भूमिकांचं वाटप होतं तसंच राहतं.

“मग आता कशावरच हसायचं नाही का?” हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. त्याला मुंबईच्या निधी गोयल यांनी केव्हाच उत्तर दिलं आहे. त्या दृष्टिहीन आहेत आणि स्टँडअप करतात. त्यांच्या विनोदात पकडली जातात ती त्यांच्याशी वागताना गडबडणारी डोळस माणसं. पुण्याच्या श्वेता मंत्री कुबड्या घेऊन मंचावर येतात आणि दयेने बघणाऱ्यांची खबर घेतात. परदेशात हे टीव्हीवरही मुरलं आहे. अमेरिकेत 1980 मध्येच सेरेब्रल पाल्सी असलेली जेरी ज्युवेल ‘द फॅक्ट्स ऑफ लाइफ’ या विनोदी मालिकेत दिसू लागली. ब्रिटनमध्ये 2012च्या पॅरालिंपिकच्या निमित्ताने सुरू झालेला ‘द लास्ट लेग’ हा कार्यक्रम कृत्रिम पायाचा ॲडम हिल्स आजवर चालवतो आहे. हशा कमी झाला, असं कुठेही झालेलं नाही.

अपंग नट मिळत नाहीत, ही सबब महाराष्ट्रात तरी टिकणारी नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी ‘स्वरानंदवन’ उभं केलं. तिथले अपंग कलावंत गाणी आणि नृत्यांचे कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरले. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक चालवणाऱ्या स्वागत थोरात यांनी ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक दृष्टिहीन कलावंतांना घेऊन रंगमंचावर आणलं. 2014च्या ‘यलो’त डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली. 2025च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझम असलेले दहा कलावंत आहेत, आणि तो निखळ विनोदी चित्रपट आहे, प्रशिक्षकाची फिरकी घेणारे तेच आहेत. डोळस नटाने आंधळा करू नये, असा हट्ट धरायचं कारण नाही. नटाचं कामच परकाया प्रवेशाचं. पण आंधळ्या नटाला आंधळ्याचीही भूमिका मिळत नसेल आणि वकिलाची, वाण्याची, सासऱ्याची तर नाहीच नाही, तेव्हा कलेच्या स्वातंत्र्याची भाषा एकाच बाजूच्या कामी येते.

2011च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग नोंदले गेले. ही सगळी टीव्हीची प्रेक्षकमंडळी आहे, आणि याचा विचार प्रहसन लिहिताना होत नाही. ऐकू न येणारी मुलगी घरच्यांबरोबर विनोदी कार्यक्रम पाहते तेव्हा शब्दांचे विनोद तिच्यापर्यंत पोचत नाहीत, कारण मराठी कार्यक्रमांवर संवादांची अक्षरं सहसा उमटत नाहीत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर 2019 मध्ये संवादांची पट्टी आणि सांकेतिक भाषेसाठी निकष जाहीर केले, तरी घरोघरचा अनुभव फारसा बदललेला नाही. मग तिला कळतो तो फक्त अंगविक्षेपाचा विनोद: कुणीतरी लंगडलं, कुणीतरी धडपडलं, सगळे हसले. म्हणजे ज्यांच्या शरीराची नक्कल होते, त्यांच्यापर्यंत नेमकी नक्कलच तेवढी पोचते. संवादांची पट्टी चालवणं ही वाहिनीला परवडणारी गोष्ट आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून करता येईल.

आणि विषय? ते तर सीमाभागात पायलीचे पन्नास आहेत. तेलंगणात अपंगत्वाच्या दाखल्याला लोक ‘सदरम’ म्हणत आले आहेत. दाखल्याच्या कॅम्पात डॉक्टर टक्के ठरवतात, साधारणपणे 40 टक्के भरले तर राज्य सरकारच्या आसरा पेन्शनचा रस्ता मोकळा होतो. 2023 मध्ये ते पेन्शन दरमहा 4,016 रुपये झालं. टक्के 38 निघाले तर दोन टक्क्यांसाठी घरात काय गदारोळ होतो, हे इथल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा. यावर एक प्रहसन असं होऊ शकतं: एका माणसाचा पाय गुडघ्याखाली नाही. तो कृत्रिम पायावर इतका सराईत चालतो, की बायकोला धास्ती पडते, डॉक्टर टक्के कमी देतील. कॅम्पच्या आदल्या रात्री ती गल्लीतल्या नकलाकाराला बोलावते, आणि दोन धडधाकट पायांचा तो नकलाकार या माणसाला टीव्हीतल्यासारखं लंगडायला शिकवतो. शिकणाऱ्याला ते जमत नाही. “असं कोण चालतं?” म्हणून तो वैतागतो, शिकवणारा आपल्या कलेचा अपमान झाला म्हणून चिडतो, बायको दोघांना दटावते आणि सकाळची बस जवळ येत राहते. हे मराठीत जेवढं रंगेल तेवढंच तेलुगूत. शिकवणाऱ्याची भूमिका कसलेल्या नकलाकाराला द्यावी, आणि शिकणाऱ्याची, ज्याला खरोखर एक पाय नाही अशा नटाला.